चार माणसांची ‘मांदेली’: बॅरोट्रॉमाच्या सब एडिटरचे परीक्षण

माझी पहिली पाणबुडी बुडेना. पाणबुडीबद्दल अशी तक्रार करणे विचित्र वाटेल, पण झाले ते असेच. बुडण्यासाठी पाणी घ्यायच्या टाक्या काठोकाठ भरल्या, पंपांवर पूर्ण जोर लावला, तरी ती हट्टी बोयासारखी वर वर जात राहिली आणि शेवटी बर्फाच्या छताला टेकून थांबली. आम्ही चौघे आत बसलो होतो. मावसभावाने बराच वेळ वाट पाहिली आणि मग शांतपणे विचारले, “दादा, ही पाणबुडी आहे की फुगा?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे पुढचे दोन शनिवार-रविवार गेले. बॅरोट्रॉमा या संगणकावरच्या खेळातला सब एडिटर, म्हणजे आपली पाणबुडी स्वतः बांधण्याचे साधन, काय चीज आहे, हे मला त्या चार दिवसांत कळले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फिनलंडमधील अंडरटो गेम्स आणि फेकफिश या दोन चमूंनी तो तयार केला. 5 जून 2019 रोजी तो अपूर्ण अवस्थेत विक्रीला आला आणि 13 मार्च 2023 रोजी पूर्ण आवृत्ती निघाली. कथा घडते गुरूच्या युरोपा या चंद्रावर, त्याच्या बर्फाच्या कवचाखालील समुद्रात. पाणबुडी बाजूने कापलेल्या घरासारखी सपाट दिसते, एका वेळी 16 जणांपर्यंत खेळता येते आणि कप्तान, अभियंता, मेकॅनिक, डॉक्टर, सुरक्षारक्षक, साहाय्यक अशी कामे वाटून घ्यायची असतात. खेळासोबत डुगाँग, हम्पबॅक, ओर्का अशा तयार पाणबुड्या मिळतात आणि त्या चांगल्याही आहेत. मात्र आम्ही नियमित खेळणारे चौघेच. चौघांसाठी मोठी पाणबुडी म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत रिकाम्या पडलेल्या वाड्यासारखी. एका टोकाला गळती लागली की दुसऱ्या टोकाचा माणूस धावत पोहोचेपर्यंत मधली खोली भरलेली असते. म्हणून आटोपशीर, सर्व कामे हाताशी असणारी पाणबुडी स्वतःच बांधायची ठरवली आणि तिचे नाव ठेवले ‘मांदेली’.

एडिटरचे पहिले दर्शन फसवे आहे. पडद्यावर भिंती, दारे, यंत्रे, दिवे यांचे साठे असतात. त्यांतून हवे ते उचलून जाळीवर ठेवायचे, ओढून लांबवायचे. तासाभरात पाणबुडीसारखे दिसणारे काहीतरी उभे राहते आणि माणूस स्वतःवर खूष होतो. प्रत्यक्षात त्या वेळी फक्त चित्र तयार झालेले असते, कारण खेळाच्या लेखी खोली भिंतींनी बनत नाही. प्रत्येक खोलीवर ‘हल’ नावाचा अदृश्य आयत आखावा लागतो. पाणी, हवा आणि आग यांचा सारा हिशेब त्या आयतापुरता चालतो. दोन हलांच्या मध्ये ‘गॅप’ असेल तरच पाणी आणि प्राणवायू एकीकडून दुसरीकडे जातात. दार बसवले की गॅप आपोआप येते, पण जिथे दार नाही, नुसती शिडीची उघडी वाट आहे, तिथे ती स्वतः आखावी लागते. मी नेमकी तीच विसरलो. पहिल्या चाचणीत वरच्या खोलीत छातीपर्यंत पाणी होते, शिडीचे तोंड उघडे होते आणि खालचे यंत्रघर कोरडे ठणठणीत. जणू मध्ये काच बसवली आहे. क्षणभर वाटले, हा दोष नसून वरदानच आहे. मग खालच्या मित्राला धाप लागू लागली, कारण जी वाट पाण्याला बंद होती ती हवेलाही बंद होती.

आता पहिल्या, न बुडणाऱ्या पाणबुडीकडे येतो, कारण या एडिटरमधला सर्वांत रोचक भाग तोच आहे. खेळात तरणे-बुडणे ठरते ते आतील एकूण जागेपैकी किती टक्के जागेत पाणी आहे यावर, आणि समतोलाचा आकडा आहे 7 टक्के. सर्व हलांच्या बेरजेच्या 7 टक्के पाणी आत असेल तर पाणबुडी जागच्या जागी तरंगते, त्याहून कमी असेल तर वर जाते, जास्त असेल तर खाली. माझ्या दोन्ही टाक्या मिळून एकूण जागेच्या सुमारे 6 टक्केच होत्या; म्हणजे त्या पूर्ण भरल्या तरी बुडायला लागणारे पाणी मावतच नव्हते. त्या दिवशी आम्ही काय केले असेल? एअरलॉकचे, म्हणजे समुद्रात ये-जा करण्याच्या खोलीचे, बाहेरचे दार उघडून त्या खोलीत पाणी घेतले आणि पाणबुडी निमूटपणे खाली निघाली. मित्राने त्या खोलीला ‘तिसरी टाकी’ म्हणायला सुरुवात केली. हसण्यावारी गेलेल्या या प्रसंगातून मला नियमाची दुसरी बाजू दिसली: गळतीने आलेले पाणी आणि टाकीतले पाणी यांत खेळ भेद करत नाही. यंत्रघर अर्धे भरले की पाणबुडी आपोआप जड होते आणि कप्तानाने सुकाणूवर काहीही ठरवले तरी ती खोल जाऊ लागते.

नॅव्हिगेशन टर्मिनलच्या, म्हणजे पाणबुडी हाकण्याच्या यंत्राच्या, गुणधर्मांत ‘न्यूट्रल बॅलास्ट लेव्हल’ नावाची एक चौकट आहे. मूळ किंमत 0.5 असते, म्हणजे टाक्या अर्ध्या भरल्यावर समतोल साधेल असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक खरे ठरण्यासाठी टाक्या एकूण जागेच्या 14 टक्के असायला हव्यात. माझ्या दुसऱ्या आराखड्यात त्या 12 टक्के झाल्या, म्हणून 7 भागिले 12 करून मी त्या चौकटीत 0.58 लिहिले आणि पाणबुडी पहिल्यांदाच हात सोडला तरी स्थिर राहिली. हा समाधानाचा क्षण शब्दांत सांगणे अवघड आहे. मात्र हा 7 टक्क्यांचा आकडा एडिटरमध्ये कुठेही ठळकपणे दिसत नाही, याबद्दल मी गुण कापतो. ज्या संख्येवर सारा आराखडा उभा आहे ती नव्या माणसाला इकडेतिकडे विचारून मिळवावी लागते. टाक्यांचे प्रमाण मोजून दाखवणारी एक ओळ पडद्यावर असती, तर माझे दोन दिवस वाचले असते.

तारा जोडण्याचे काम मला सर्वांत आवडले. त्यासाठी वेगळी अवस्था आहे. तीत यंत्रे मागे सरतात आणि फक्त तारा व जोडण्या उरतात. टर्मिनलमधून वेगाचा आडवा संकेत इंजिनाला द्यायचा, उभा संकेत पंपांना द्यायचा, अणुभट्टीतून निघालेली वीज जंक्शन बॉक्सांमधून वाटायची, तोफेच्या पेरिस्कोपची तार तोफेकडे न्यायची. घरातले वायरिंग एकदा तरी स्वतः पाहिलेल्या माणसाला ही भाषा लगेच कळते. चुका मात्र महागात पडतात. मी सगळे जंक्शन बॉक्स जमिनीलगत बसवले, कारण तिथे तारा आखीव दिसत होत्या. पहिल्याच हल्ल्यात गुडघाभर पाणी आले, बॉक्स एकामागून एक बिघडले, दिवे गेले, आणि अंधारात पंप चालवायला वीजही उरली नाही. आता ते छताजवळ आहेत, कुरूप दिसतात आणि चालतात. पंप व प्राणवायूचे यंत्र मी बॅटरीमागे ठेवले आहे, जेणेकरून अणुभट्टी बंद पडली तरी काही मिनिटे हाताशी असावीत. इंजिन एकदम थांबवले की भार घसरतो, भट्टीचे उत्पादन मात्र लगेच खाली येत नाही आणि जास्तीची वीज बॉक्स जाळते, हे आमच्या अभियंत्याने आम्हाला आगीच्या उजेडात समजावून सांगितले.

एडिटरची परीक्षा घ्यायची तर चाचणीच्या बटणावर थांबून चालत नाही. एकटा बसून चालवली तेव्हा ‘मांदेली’ निर्दोष होती; चौघे आत गेलो तेव्हा तिचे खरे दोष बाहेर आले. पाण्यात उतरण्याचे पोशाख मी मागच्या खोलीत टांगले होते आणि एअरलॉक पुढे होता. त्यामुळे गळती लागली की दोघे एकाच अरुंद वाटेत विरुद्ध दिशांनी येत आणि एकमेकांची वाट अडवत. वेल्डिंगचे साहित्य एका कपाटात, त्याला लागणारे इंधन दुसऱ्या कपाटात. कागदावर टापटीप दिसणारी मांडणी घाबरलेल्या माणसाला कामाची नसते. मग मी एक मोजमाप ठरवले: कप्तानाच्या खुर्चीपासून तोफेच्या पेरिस्कोपपर्यंत चार पावले, भट्टीपासून जवळच्या जंक्शन बॉक्सपर्यंत तितकीच, आणि पोशाख एअरलॉकच्या दाराशेजारीच. चौघांच्या पाणबुडीत एकाला दोन कामे करावी लागतात, म्हणून अंतर हेच तिचे खरे माप आहे. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि 14 डिसेंबर 2017 रोजी नौदलात दाखल झालेली कलवरी ही खरी पाणबुडी साडेसदुसष्ट मीटर लांब आहे. तिथे खलाशी कसे वावरत असतील, याचा विचार मी या आधी कधी केला नव्हता.

बॉट घेऊन खेळणाऱ्यांना आणखी एक खटपट करावी लागते. संगणकाने चालवलेले खलाशी ‘वेपॉइंट’ नावाच्या ठिपक्यांच्या आधारे फिरतात. ते आपोआप आखून देणारे बटण आहे, पण शिड्यांजवळ आणि हॅचपाशी ते हाताने तपासावेच लागतात. माझा बॉट मेकॅनिक एका शिडीखाली उभा राहून भिंतीकडे तोंड करून वाट पाहत असे. प्राणवायूच्या यंत्राला हवेच्या झरोक्यांचा, तोफेला तिच्या गोळ्यांच्या खणाचा, वस्तू बनवणाऱ्या यंत्राला कपाटाचा दुवा द्यायचा असतो. हे दुवे राहिले तर वस्तू दिसतात, पण कामे होत नाहीत. जतन करताना एडिटर काही उणिवा दाखवतो, ही त्याची चांगली सवय. सगळ्याच दाखवत नाही, हेही खरे.

शिकण्याचा सर्वांत उपयोगी मार्ग मला योगायोगाने सापडला: डुगाँग एडिटरमध्ये उघडायची आणि प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते पाहायचे. आयती पाणबुडी तोडून बघण्याची मुभा असलेला खेळ विरळा, आणि त्यासाठी निर्मात्यांना पूर्ण गुण. आपली पाणबुडी स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावरील वर्कशॉप या देवाणघेवाणीच्या विभागात टाकता येते, इतरांच्या उतरवून घेता येतात आणि मोहिमेत वापरताही येतात. किंमत, पाणबुडीचा प्रकार आणि दर्जा आपणच भरायचे असतात. रंगरंगोटी, दिव्यांचे झोत, शोभेच्या वस्तू यांची सोय भरपूर आहे. त्यात रस असणाऱ्यांनी अवश्य घ्यावी, मी दोन पिवळे दिवे लावून थांबलो.

ज्याला फक्त मित्रांसोबत शनिवारी दोन तास खेळायचे आहे, त्याने तयार पाणबुड्याच घ्याव्यात. त्यांत काहीही कमी नाही. ज्याला यंत्र उघडून बघायची खोड आहे त्याने मात्र हा एडिटर घ्यावा, पहिल्या दहा तासांत काहीही चालणार नाही हे गृहीत धरून. मजकूर मराठीत नाही, अक्षरे लहान आहेत, आणि हाताला धरून शिकवणारी सोय तोकडी आहे. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. ‘मांदेली’ची सहावी आवृत्ती सध्या पाण्यात आहे. तिसऱ्या टाकीचे दार आम्ही काढून टाकलेले नाही, पण तिथे पाणी निचरा करणारा पंप बसवला आहे, आणि दारावर मावसभावाने ‘फुगा’ अशी पाटी लावली आहे.