एम्बॉसिंग पावडरने मेणाचा लूक: सात महिने वापरल्यावर (आणि बुडबुड्यांबद्दल बरंच काही)

परवा रात्री हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) बंद पडली, पंखा फिरतोय पण हवा गार, म्हणून शेवटी लिहायला बसले, नाहीतर हा अनुभव लिहायचं पुढेच ढकलत होते. जानेवारीपासून क्लिअर एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून थर होणारी प्लास्टिकची पूड), मुख्यतः ती जाड दाण्याची अल्ट्रा थिकवाली, वापरून एन्कॉस्टिकसारखं, म्हणजे वितळलेल्या मेणात रंग घालून केलेल्या चित्रांसारखं, काम करतेय. आत्तापर्यंत साधारण तीस तुकडे झाले असतील, त्यातले अकरा ठेवण्यासारखे. पावडर कशी वितळवायची ही प्राथमिक माहिती पुन्हा सांगत नाही.

खरं एन्कॉस्टिक का नाही, तर घर. मधमाशांचं मेण आणि डामर राळ (झाडाची राळ, डांबर नव्हे) वितळवून, गरम तव्यावर रंग ठेवून तास-तासभर काम करायचं, आणि आमचं स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर जावं लागतं. इजिप्तच्या फायूमची ती मृतांची चित्रं, इ.स. पहिल्या ते तिसऱ्या शतकातली, त्यातली बरीच मेणात केलेली आहेत आणि आजही त्यांचे डोळे ओले वाटतात, ते बघून मला हे वेड लागलं. आणि अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सचा १९५४-५५ चा तो अमेरिकन झेंडा, त्यात मेणाखालून वर्तमानपत्राचे तुकडे दिसतात. मला तेच हवं होतं, खाली काहीतरी पुरलेलं आहे आणि ते अर्धवट दिसतंय असं. मी आजीच्या पत्रांच्या झेरॉक्स पुरते.

आधी चांगलं सांगते. नुसती क्लिअर पावडर वितळवली तर ती काचेसारखी दिसते, मेणासारखी नाही, पहिला महिना याच गोष्टीने मी वैतागलेली. मग कळलं की चमचाभर क्लिअरमध्ये चिमूटभर पांढरी पावडर घालायची. तेवढ्याने तो दुधी, आतून उजेड आल्यासारखा थर येतो. क्रीम रंगाची घातली तर अजूनच मेणाकडे जाते. एक थर, मग गरम असतानाच वर दुसरा भुरभुरवायचा, असे तीन-चार. दुसऱ्या थरावर पत्राचा तुकडा ठेवून पुन्हा झाकायचा. शेवटचा थर गरम असताना त्यावर रबरी स्टॅम्प दाबायचा, पण स्टॅम्पला आधी एम्बॉसिंग इंक (पावडर चिकटवायची, उशिरा सुकणारी शाई) लावायची, नाहीतर तो चिकटतो आणि चित्र उचलून घेतो. पारदर्शक पॉलिमरचे स्टॅम्प यासाठी वापरू नका, माझा एक वाकडा झाला.

आता बुडबुडे. जानेवारी ते मे मला एकही त्रास नव्हता. जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, अचानक प्रत्येक थरात बारीक बारीक बुडबुडे यायला लागले, मोहरीच्या दाण्याएवढे, आणि नेमके पत्रातल्या अक्षरांवर. मी नवीन डबी उघडली होती त्याच आठवड्यात, त्यामुळे मला शंभर टक्के वाटलं की डबी नकली आहे. २८ ग्रॅमची डबी, इतक्या महाग वस्तूत भेसळ केली म्हणून मी विक्रेत्याला तीन मेसेज केले, फोटो पाठवले. त्यांचं उत्तर एकच, 'मॅडम, पावडर ओरिजिनल आहे.' मी चिडून एक तारा दिला.

तो तारा मी आता काढला आहे, कारण चूक पावडरची नव्हती. जुनी डबीही वापरून बघितली आणि तिलाही तेच बुडबुडे. दोष कागदाचा. दमट हवेत जाड, ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपर हवेतलं पाणी ओढून घेतो, वरून गरम केलं की आत वाफ होते, आणि वितळलेला जाड थर पाकासारखा घट्ट असल्यामुळे ती वाफ वर येऊन फुटत नाही, अडकून बसते. साध्या बारीक पावडरला हा त्रास कमी, कारण थर पातळ असतो. आणि मी एक गोष्ट अजून करत होते, पत्र चिकटवायला ॲक्रिलिक मीडियम (गोंदासारखं, पाण्यात कालवलेलं) वापरत होते आणि रात्रीच्या रात्री काम संपवायच्या घाईत ते पूर्ण सुकायच्या आधीच वर पावडर टाकत होते. पावसात ते सुकतच नाही. आता मी चिकटवल्यावर पूर्ण एक दिवस ठेवते, आणि इंक लावायच्या आधी कागद मागून हीट गनने मिनिटभर शेकते, कोमट नाही, चांगला गरम होईपर्यंत. फक्त एवढ्याने नव्वद टक्के बुडबुडे गेले. राहिलेले थर गरम असताना सुईने फोडते. गनही वरून न धरता खालून धरते, वाऱ्याने दाणे उडत नाहीत आणि कागदच आधी तापतो. आणि घाईत गन जवळ धरून जास्त तापवलं तर थर पिवळट होतो, करपल्याचा वास येतो, खिडकी उघडी ठेवूनच करा.

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून इतकं लांबवलंय. फेब्रुवारीतला अनुभव जुलैत लागू पडत नाही.

दुसरा दोष, हा मात्र पावडरचाच. थर लवचिक नसतो. मावशीला एक पाठवला कुरिअरने, साध्या कागदावर केलेला, तर पोचेपर्यंत मधोमध तडा, आणि तोही आजीच्या सहीवर. मावशी म्हणाली, 'अगं, जुनं वाटतंय, असंच छान आहे', पण मला ते सहन होत नाही. आता पाठवायचे तुकडे मी फक्त एमडीएफवर (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) करते, सुताराकडून उरलेले घेते, वर जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात. चमक कमी करायची असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवते, पण नंतर पुन्हा गरम केलं तर चमक परत येते, हे शेवटीच करायचं.

काटकसरीचं: खाली गुळगुळीत बटर पेपर दुमडून ठेवते, उडालेली पावडर परत डबीत जाते. उडालेली रंगीत मिसळ क्लिअरच्या डबीत टाकू नका, त्या मिसळीची वेगळी डबी ठेवा, तीच मला सगळ्यात आवडते.

आता हीट गन. ऑनलाइन घेतलेली, वर्षाची वॉरंटी, पण विक्रेता म्हणतो आतली कॉइल वॉरंटीत येत नाही. चार ईमेल झाले, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि पुन्हा बिल मागतो. हीट गनमध्ये कॉइल सोडून आहे काय, हा माझा सरळ प्रश्न आहे आणि त्याला उत्तर मिळत नाही. शेवटी आज सकाळी आमच्या मिक्सर दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी चार स्क्रू काढले, कॉइलचं एक टोक तुटलेलं दाखवलं, बारीक स्लीव्ह घालून दाबून जोडलं आणि ऐंशी रुपये घेतले. 'सलग दहा मिनिटं चालवत जाऊ नका, मधे थांबा', एवढंच म्हणाले. चार थर मी खरंच एका दमात तापवत होते.

संध्याकाळी मावशीसाठी नवीन तुकडा सुरू केला, यावेळी एमडीएफवर, तेच पत्र, तीच सही. दोन थर झालेत, बुडबुडा एकही नाही.