जुने डॉस गेम आणि २४ इंची फुल एचडी मॉनिटर: वर्षभराच्या वापरानंतर

वॉरंटीत माझ्या २४ इंची मॉनिटरचा मेन बोर्ड बदलून आला आणि जुन्या पेंटियम संगणकावर हा मॉनिटर नीट चालेनासा झाला. विंडोज ९८ चा डेस्कटॉप दिसतो, 'एज ऑफ एम्पायर्स' व्यवस्थित चालतं. पण मशीन सुरू होताना आणि डॉसमध्ये (विंडोजच्या आधीची, फक्त अक्षरांच्या पडद्याची सिस्टिम) गेलं की काळ्या पडद्यावर 'इनपुट नॉट सपोर्टेड'. हे सविस्तर लिहायला तेच निमित्त. मॉनिटर नेहमीचाच आहे: आयपीएस पॅनेल, ७५ हर्ट्झ (सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलतो), फ्रीसिंक (चित्रांच्या वेगाशी जुळवून घेणं) ४८ ते ७५, मागे एक व्हीजीए (जुनं ॲनालॉग पोर्ट) आणि एक एचडीएमआय. रंग, स्टँड, ब्राइटनेस यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, ते सोडतो. जुन्या गेमसाठी एकच गोष्ट आधी बघायची: ४०० ओळी, ७० हर्ट्झ.

डॉसची टेक्स्ट स्क्रीन ७२०×४०० असते. प्रिन्स ऑफ पर्शिया, वुल्फेन्स्टाइन ३डी, डूम हे ३२०×२०० चे गेम; व्हीजीए कार्ड त्यांची प्रत्येक ओळ दोनदा काढून ४०० ओळी पाठवतं. दोन्हींचा रिफ्रेश, म्हणजे सेकंदाला पडदा नव्याने काढण्याचा वेग, ७०.०८६ हर्ट्झ. ६४०×४८० चा ५९.९४. आडवी फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती ओळी) सगळीकडे ३१.४७ किलोहर्ट्झ, म्हणून मॉनिटरला न दिसणाऱ्या धरून एकूण ओळी (४४९ की ५२५) आणि सिंकची, म्हणजे ओळ किंवा फ्रेम सुरू झाल्याची खूण देणाऱ्या सिग्नलची, पोलॅरिटी यावरून मोड ओळखावा लागतो. ४०० ओळींना आडवा सिंक निगेटिव्ह आणि उभा पॉझिटिव्ह, ४८० ला दोन्ही निगेटिव्ह. ही नोंद फर्मवेअरमध्ये (मॉनिटरच्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरमध्ये) नसेल तर मॉनिटर सिग्नल सरळ नाकारतो. केबल बदला, कार्ड बदला, काही उपयोग नाही.

नाकारलं नाही म्हणजे जिंकलं असंही नाही. काही मॉनिटर ७० हर्ट्झ घेतात पण आत ६० करून दाखवतात, म्हणजे दर सातातली एक फ्रेम गाळतात. डूम सेकंदाला ३५ चित्रं काढतो, ७० च्या बरोबर निम्मी. ७० वर प्रत्येक चित्र दोन रिफ्रेश टिकतं आणि वळताना भिंती सलग सरकतात. ६० वर सात चित्रं बारा रिफ्रेशमध्ये बसवावी लागतात: पाच चित्रं दोन-दोन रिफ्रेश, दोन चित्रं एकच. वळताना जो बारीक हिसका जाणवतो तो हाच. मॉनिटरच्या मेन्यूत '७० हर्ट्झ' लिहून आलं तरी विश्वास ठेवू नका, ते फक्त आत येणाऱ्या सिग्नलचं असतं. मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. प्रत्येक चित्र सुमारे सात फ्रेम टिकलं तर ७० खरं. मध्येच एखादं चारच फ्रेम टिकलं तर फ्रेम गाळली जातेय. या मॉनिटरचा मूळ बोर्ड या परीक्षेत स्वच्छ पास झाला होता, म्हणून तर बदललेल्या बोर्डाचा एवढा राग.

मूळ बोर्डालाही एक खोट होतीच. ६४० आणि ७२० रुंदीचे दोन्ही ४०० ओळींचे मोड सिंकवरून हुबेहूब सारखे दिसतात. फरक फक्त पिक्सेल क्लॉकचा (पिक्सेल पाठवण्याच्या वेगाचा), २५.१७५ आणि २८.३२२ मेगाहर्ट्झ, आणि व्हीजीए केबलमधून क्लॉक जातच नाही. मॉनिटर ७२० धरून चालतो, त्यामुळे गेमचे आठ पिक्सेल नऊ नमुन्यांत (मॉनिटर ओळीवर जिथे जिथे सिग्नल मोजतो ते ठिपके) ताणले जातात. प्रिन्सच्या विटांच्या उभ्या कडा काही ठिकाणी जाड, काही ठिकाणी पुसट दिसतात ते यामुळे. मेन्यूतला 'क्लॉक' कमी करून ओळीचे एकूण नमुने ९०० वरून ८०० वर आणता आले तर हे सुटतं, पण इथे त्या पट्टीत तेवढी जागा नाही.

'ऑटो ॲडजस्ट' बद्दलही सांगून ठेवतो. डॉसच्या काळ्या प्रॉम्प्टवर ते दाबलं तर मॉनिटरला चित्राची कड सापडत नाही आणि सगळं एका बाजूला सरकतं. आधी डॉसचा 'एडिट' हा लिहिण्याचा प्रोग्राम उघडा. निळा पडदा चारही कडांपर्यंत भरला की मग ऑटो दाबा. त्यानंतर बारीक अक्षरं थरथरत असतील तर मेन्यूतला 'फेज' (सिग्नल मोजण्याचा नेमका क्षण) एकेक घर हलवा. चित्रावर तिरक्या हलत्या रेघा असतील तर मॉनिटरला दोष देण्याआधी अर्थिंग बघा. सांगलीच्या जुन्या वाड्यांत अर्थिंग नावालाच असतं. मशीन आणि मॉनिटर एकाच स्विचबोर्डवर लावा आणि मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरमनला बोलवा.

आता सर्व्हिस. सांगलीत फक्त मॉनिटर जमा करून घेतात, काम कोल्हापुरात होतं. नवा बोर्ड वेगळ्या फर्मवेअरचा आला. तक्रारीला उत्तर मिळालं की 'रेकमेंडेड रिझोल्यूशन १९२०×१०८० आहे, ते चालतंय, सबब बिघाड नाही'. हे मान्य करू नका. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर सपोर्टेड मोडचा तक्ता असतो. या मॉनिटरच्या तक्त्यात ७२०×४००, ७० हर्ट्झ ही ओळ छापलेली आहे. त्या पानाचा फोटो आणि पडद्यावरच्या एररचा व्हिडिओ ईमेलने पाठवल्यावरच सूर बदलला आणि जुन्या फर्मवेअरचा बोर्ड मिळाला. दुरुस्तीला देण्याआधी मेन्यूतल्या 'इन्फॉर्मेशन' मधल्या फर्मवेअर आवृत्तीचा फोटो काढून ठेवा. छापलेलं स्पेसिफिकेशन ग्राहकाकडून सिद्ध करून घेणं हा प्रकार मला अजिबात पटलेला नाही, आणि सर्व्हिसचे गुण त्यासाठीच कापतोय.

जुन्या फर्मवेअरचा बोर्ड मिळेपर्यंत सगळं नव्या संगणकावर डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवलं आणि या मॉनिटरबद्दलचं मत बरंच वर गेलं. कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी या विंडोजच्या प्रोग्राममध्ये १९२०×१०८० साठी ७०.०८६ हर्ट्झचा मोड भरला, तो एचडीएमआयवर पहिल्या फटक्यात लागला. नुसता ७० भरला तर साधारण बारा सेकंदांनी एक फ्रेम चुकते, म्हणून दशांश भराच. डॉसबॉक्समध्ये ॲस्पेक्ट (४:३ प्रमाण राखणं) चालू, आउटपुट ओपनजीएल, व्हीसिंक (चित्र मॉनिटरच्या रिफ्रेशशी जुळवणं) चालू. स्क्रोलिंग लोण्यासारखं होतं, आणि ६४०-७२० चा घोळ मुळात उरतच नाही.

राहतो तो १०८० चा हिशोब. २०० ओळी १०८० मध्ये ५.४ पटीने बसतात, म्हणजे काही ओळी पाच पिक्सेल जाड, काही सहा. डॉसबॉक्स स्टेजिंग या डॉसबॉक्सच्या वेगळ्या आवृत्तीत इंटिजर स्केलिंग (पूर्ण पटीतच मोठं करणं) 'व्हर्टिकल' ठेवलं की १००० ओळी वापरल्या जातात, वर-खाली थोडी काळी पट्टी राहते आणि ओळी सारख्या होतात. शिवाय २४ इंची १६:९ मध्ये ४:३ चं चित्र १९.६ इंचांचंच उरतं, हे पैसे देण्याआधी लक्षात घ्या.

म्हणून माझ्यासारखा फक्त डॉसचा चाहता असेल त्याने १९२०×१२०० चा सेकंडहँड मॉनिटर शोधावा. त्यात १६००×१२०० चं चित्र बसतं: ३२०×२०० चा प्रत्येक पिक्सेल आडवा बरोबर पाच, उभा बरोबर सहा, आणि प्रमाण आपोआप ४:३. पुण्याच्या कंपन्यांतून निघालेले लॉट सांगली-मिरजेत येतात, त्यात असे सापडतात. ६४०×४८० चे रोड रॅश वगैरे जास्त खेळणाऱ्यांना १४४० ओळींचा पॅनेल बरा, तिथे ४८० बरोबर तिप्पट होतात. विंडोजच्या जुन्या गेमसाठी स्केलिंग मॉनिटरवर न सोडता ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये 'मेंटेन ॲस्पेक्ट रेशो' करा; बऱ्याच मॉनिटरमधली ४:३ ची सेटिंग मोड बदलला की विसरली जाते.

सेकंडहँड घेताना दुकानदाराच्या विंडोज डेस्कटॉपवर समाधान मानू नका, तिथे ४०० ओळींचा मोड येतच नाही. लेगसी बायोस (डॉस बूट करू देणारी जुन्या पद्धतीची सुरुवात) असलेला, व्हीजीए पोर्टचा जुना लॅपटॉप आणि फ्रीडॉसचा (डॉसची मोफत आवृत्ती) पेन ड्राइव्ह सोबत न्या. बूट करा, मॉनिटरच्या मेन्यूत ७२०×४०० दिसतंय का बघा, गेम लावा, ४:३ करा, गेममधून बाहेर पडून परत आत जा आणि ४:३ टिकलं का तपासा. मग पांढरा पडदा लावून वीस मिनिटं चालू ठेवा. जुन्या सीसीएफएल दिव्यांचे (पडद्यामागे बारीक ट्यूबलाइट असलेले) मॉनिटर सुरुवातीला तांबूस दिसतात. वीस मिनिटांनंतरही तांबडेपणा गेला नाही तर दिवे संपत आलेत, तो घेऊ नका. एलईडी बॅकलाइटचा मिळाला तर पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील.