राजारामपुरीतला बँक इंटरव्ह्यूचा क्लास: शनिवारला पाचपैकी पाच, प्लेसमेंटला शून्य

क्लासचं नाव लिहीत नाही, कारण माझे चार हजार रुपये अजून त्यांच्याकडं अडकलेत. खाली झेरॉक्स आणि वर क्लास एवढ्या खुणेवर कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत वीसेक क्लास सापडतील, तेव्हा शोधत बसू नका. असल्या कुठल्याही क्लासला पैसे भरायच्या आधी काय विचारायचं, तेवढं यातनं घ्या.

मी कसबा बावड्याची, बी.कॉम. पप्पा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहेत. आयबीपीएस, म्हणजे सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था, तिची पीओची (प्रोबेशनरी ऑफिसर) मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, निघाली आणि इंटरव्ह्यूचं पत्र आलं, तसा घाईघाईत हा क्लास लावला. ‘इंटरव्ह्यू अधिक प्लेसमेंट गॅरंटी’ असं पॅकेज, फी १२,५००. पीओचा इंटरव्ह्यू १०० मार्कांचा असतो. शेवटच्या यादीत मेन्सचं वजन ८० आणि इंटरव्ह्यूचं २०, म्हणजे मेन्सला मागं पडलेल्याला इंटरव्ह्यू फार उचलून धरत नाही. हे काउंटरवरच्या मॅडम सांगत नाहीत. त्या तर क्लार्कच्या पोरांनाही हेच पॅकेज विकतात, आणि क्लार्कला इंटरव्ह्यूच नसतो! गारगोटीहून आलेला एक मुलगा माझ्यासमोर पैसे मोजत होता. त्यानं फॉर्म भरलेला फक्त क्लार्कचा. मॅडमसमोर बोलायचं धाडस झालं नाही, जिन्यात गाठून सांगितलं. तो परत वर गेला की नाही, माहीत नाही.

सोमवार ते शुक्रवारच्या लेक्चरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रेपो म्हणजे काय, सीआरआर म्हणजे काय, पीडीएफ वाचून दाखवतात. फळ्यासमोरचा पंखा बंद असतो, कारण तो लावला की माईक घरघरतो.

आता शनिवार. शनिवारी चार ते सात एक सर येतात, राष्ट्रीयीकृत बँकेतनं शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. क्लास जो काही चालतो तो त्यांच्यावर. दाराच्या मागं खिळ्याला एक मरून रंगाचा टाय लटकवलेला असतो. त्याची गाठ कधी कुणी सोडलेली मी पाहिली नाही. पोरं तो तसाच डोक्यातनं घालून आत जातात आणि बाहेर आल्यावर पुढच्याच्या गळ्यात घालतात. आतल्या बाजूला सगळ्या बॅचच्या खोबरेल तेलाचा पट्टा उमटलाय. सर त्या टायकडं बघतही नाहीत.

माझी पाळी आली तेव्हा पहिला प्रश्न, वडील काय करतात. सांगितलं. म्हणाले, “मग नजरगहाण आणि तारण यातला फरक गुळावर सांग.”

मी पाठ केलेली व्याख्या सुरू केली. त्यांनी हातानंच थांबवलं.

“गूळ कुठं आहे?”

“गोडाऊनला, सर.”

“किल्ली कुणाकडं?”

तिथं डोक्यात उजेड पडला. किल्ली बँकेकडं, माल बँकेच्या ताब्यात, ते तारण. किल्ली व्यापाऱ्याकडंच, माल त्याच्याच गोडाऊनला, बँकेकडं फक्त दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट, ते नजरगहाण. लगेच दुसरा प्रश्न: स्टेटमेंटात १० लाखांचा गूळ दिसतोय, त्यातले २ लाख शेतकऱ्यांना द्यायचे बाकी आहेत, मार्जिन, म्हणजे व्यापाऱ्यानं स्वतः घालायचा वाटा, २५ टक्के, तर किती उचल देशील? मी फाडकन साडेसात लाख म्हणाले. सर म्हणाले, “दोन लाखांचा गूळ शेतकऱ्याच्या पैशावर उभा आहे पोरी. त्याच्यावर आणि कर्ज देतीस?” आधी दोन वजा, मग राहिलेल्या आठवर मार्जिन, उचल सहा लाख.

रात्री जेवताना हे पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “एवढ्यासाठी बारा हजार भरलीस? मला विचारायचंस की.”

पुण्याच्या इंटरव्ह्यूत पॅनेलनं कोल्हापूर म्हटल्यावर चपलांबद्दल नाही, बँकेबद्दल विचारलं. कोल्हापूरची कुठली बँक आज देशभर आहे? रत्नाकर, म्हणजे आताची आरबीएल, १९४३ ची, नोंदणीकृत कार्यालय अजून शाहूपुरीत. हे सरांनी आमच्याकडनं घोटून घेतलेलं. पुढं ठेवींच्या विम्यावर आले. एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून, फेब्रुवारी २०२० पासून. सहकारी बँकांनाही लागू, पतसंस्थांना नाही. हे शेवटचं बोलले तेव्हा पॅनेलमधल्या बाईंनी मान वर करून बघितलं. मार्क बरे पडले, तरी यादीत नाव आलं नाही. मेन्सलाच कमी होते, कुणाला दोष द्यायचा?

म्हणून प्लेसमेंटकडं वळले, आणि शून्य आहे ते तिथलं. स्टेशन रोडला एका हॉटेलच्या हॉलमध्ये ‘बँकेत थेट भरती’ म्हणून पाठवलं. इंटरव्ह्यू तीन मिनिटांचा. गाडी आहे का, ओळखीपाळखी किती, महिन्याला पंचवीस खाती उघडाल का. ऑफर लेटर हातात आलं ते तिसऱ्याच एका कंपनीच्या लेटरहेडवर, आणि वर ‘ट्रेनिंग किट’चे २,५०० मागितले. नोकरी देणारा पैसे मागत नाही, एवढं मला कळत होतं. तरी पगार बघून जीव अडकला, २ लाख ४० हजार सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा सगळा खर्च धरून.

शनिवारी सरांनी तेच पत्र उलटं करून मागं हिशोब मांडला. ३६,००० इन्सेंटिव्ह, टार्गेट झालं तर. बेसिक दहा हजार, म्हणजे कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला १४,४०० आणि ग्रॅच्युइटी ५,७७२, दोन्ही सीटीसीतच धरलेले. उरलं महिन्याला पंधरा हजार तीनशे. त्यातनं माझ्या वाट्याचा पीएफ १,२०० गेला की हातात चौदा हजार शंभर. व्यवसाय कर तेवढा लागणार नव्हता, महाराष्ट्रात बायकांना २५ हजारांपर्यंत माफ आहे. पेट्रोल आपलं. सर एवढंच म्हणाले, “पे-रोल कुणाचं, म्हणजे नोकरी बँकेची की मधल्या कंपनीची, हे आधी विचारायचं. खुर्चीत बसायच्या आधी.”

क्लासचा आणखी एक उद्योग म्हणजे म्युच्युअल फंडाच्या परीक्षेचा कोर्स, ६,००० रुपये. ती एनआयएसएमची, म्हणजे सेबीच्या शिक्षणसंस्थेची, पाच-ए परीक्षा, फंड विकायला ती लागते. तिथं थेट नोंदणी केली की फी दीड हजार अधिक जीएसटी, वर्कबुक त्यातच मिळतं. १०० प्रश्न, दोन तास, ५० ला पास, निगेटिव्ह मार्किंग नाही, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. मी घरीच अभ्यास करून दिली.

बायोडेटाही स्वतः टाइप करा. क्लासवाल्यांनी माझा करताना आधीच्या कुणाच्या तरी फाइलवर नाव बदललं आणि छंदात ‘ट्रेकिंग’ तसंच ठेवलं. एका खासगी बँकेच्या वेबसाइटवर मी स्वतः अर्ज केलेला, तिथल्या इंटरव्ह्यूत साहेबांनी उत्साहानं विचारलं, पन्हाळा ते पावनखिंड किती वेळा केलं? ते स्वतः दर पावसाळ्यात जाणारे निघाले. मी खरं सांगून टाकलं, की पन्हाळ्याला एसटीनं गेलेय, छंद क्लासनं घातलाय. ते हसत सुटले. मग मी विचारलं, पे-रोल कुणाचं? बँकेचंच होतं. तिथं लागून आता पाचवा महिना आहे.

क्लास लावायचाच असेल तर नुसत्या शनिवारच्या मॉक इंटरव्ह्यूचे पैसे भरा. ती सोय आहे, ३,००० घेतात, फक्त बोर्डावर लिहीत नाहीत, मागावी लागते. खाली गाडी लावायला जागा नाही, केएमटीच्या बसनं या.

प्लेसमेंट न घेतल्याबद्दल ४,००० परत द्यायचं मॅडमनी दिवाळीआधी कबूल केलं होतं. परवा फोन केला तर म्हणाल्या, अकाउंटवाले सुट्टीवर आहेत. पैसे आले की इथंच लिहीन.