अडालिमुमॅबचा पेन: अंगठा सुटला, टोपण छळतं

मला सोरायटिक आर्थ्रायटिस आहे, म्हणजे सोरायसिस या त्वचारोगाबरोबर येणारी सांध्यांची सूज. कोपरांवर चट्टे, आणि सकाळी उठलं की बोटं अशी आखडलेली असतात की मूठ वळत नाही. माझा धंदा शिवणकामाचा, हातच बसले तर खायचं काय? डॉक्टरांनी टीबीच्या तपासण्या करून घेतल्या आणि अडालिमुमॅब हे सूज कमी करणारं इंजेक्शन सुरू केलं. दर पंधरा दिवसांनी ४० मिलिग्रॅम, घरीच टोचायचं.

आधी सिरिंज होती. औषधाने गुण आला, पण दट्ट्या दाबायला अंगठ्यात जोर लागतो आणि माझा नेमका तोच सांधा सुजलेला. निम्मं औषध जाईपर्यंत हात थरथरायला लागायचा. मग पेन घेतला, म्हणजे बटण दाबलं की आपोआप टोचणारं इंजेक्शन, आणि तो त्रास गेला. मांडीवर सरळ टेकवायचा, बटण दाबायचं, टक् असा आवाज येतो, सुई दिसतसुद्धा नाही. फक्त आवाज आला म्हणून लगेच उचलू नका. खिडकीत रंग पूर्ण भरेपर्यंत दाबून धरा, नाहीतर महागाचं औषध मांडीवरून ओघळतं. चट्ट्यावर टोचायचं नाही, आणि दर वेळी जागा बदलायची.

आता टोपण. ज्यांची बोटं धड चालत नाहीत त्यांच्यासाठीच ही वस्तू केली, मग तिचं टोपण इतकं गुळगुळीत आणि घट्ट का? पकडायला कडसुद्धा नाही. सून घरात असली तर ती ओढून देते, एरवी मी भांडी घासायचा रबरी हातमोजा घालते. चार खाचा पाडल्या असत्या तरी पुरलं असतं. याचा मला खरंच राग येतो.

झोंबण्याची भीती असेल तर सायट्रेट (काही इंजेक्शनांत असणारा, झोंबणारा क्षार) नसलेलं मागा. मला त्यात फक्त टोचल्याचं कळतं, आग होत नाही. पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलेला पेन वापरायचा नाही, फुकट जातो. टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवते. गरम पाण्यात वगैरे धरू नका.

२०१४ साली झायडस कंपनीने या औषधाचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध, आपल्याकडे आणलं. आता बऱ्याच कंपन्यांचं मिळतं आणि प्रत्येकाचा पेन वेगळा असतो. तेव्हा सांधे दुखत असतील तर पेनच घ्या, पण आधी डॉक्टरांकडे डमी (औषध नसलेला, सरावाचा) पेन मागा आणि टोपण स्वतःच्या हाताने ओढून बघा. तेही सकाळी, बोटं आखडलेली असताना.