‘क्विटर’सोबत आठ महिने: व्हॉट्सअ‍ॅप लपलं ते बरं झालं, पीडीएफ लपली ते नाही

अनुवाद हा माझा पोटापाण्याचा धंदा आणि १३ इंची मॅकबुक हे माझं दुकान. दुपारपर्यंत त्यावर वर्ड, मूळ पीडीएफ, ब्राउझरमधले शब्दकोश, मेल, व्हॉट्सअ‍ॅप, कॅलेंडर असा सगळा बाजार भरलेला असतो.

मॅकवर लाल बटण दाबलं की बहुतेक वेळा फक्त विंडो जाते, अ‍ॅप मागे चालूच राहतं. पिवळं दाबलं तर विंडो डॉकमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या चिन्हांच्या पट्टीत, जाऊन बसते आणि नंतर नुसतं कमांड-टॅब करून (म्हणजे एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर जाऊन) वर येत नाही, ऑप्शन दाबून धरावं लागतं. त्यापेक्षा कमांड-एच बरं. अख्खं अ‍ॅप लपतं आणि परत बोलावलं की विंडो होत्या तिथेच. पण ते दाबायची आठवण कोण ठेवणार?

ती आठवण सध्या ‘क्विटर’ ठेवतं. इन्स्टापेपर (लेख नंतर वाचायला ठेवणारं अ‍ॅप) आणि ओव्हरकास्ट (पॉडकास्टचं अ‍ॅप) बनवणाऱ्या मार्को आर्मेंटचं हे फुकट, चिमुकलं अ‍ॅप पडद्याच्या वरच्या पट्टीत, मेनूबारमध्ये बसतं. आपण अ‍ॅपची यादी करायची, आणि प्रत्येकाला, न वापरता किती मिनिटं गेली की लपवायचं की थेट बंदच करायचं, ते सांगायचं. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅप ५ मिनिटांनी लपतं, मेल १० मिनिटांनी, कॅलेंडर ३० मिनिटांनी बंद होतं. व्हॉट्सअ‍ॅप बंद न करता लपवायचं कारण साधं आहे: लपलेलं असलं तरी क्लायंटचा मेसेज आल्याचं कळतं. फक्त कोपऱ्यात उघडी चॅट दिसत राहत नाही, त्यामुळे मावशीच्या नातवाच्या बारशाचे फोटो रात्रीपर्यंत थांबतात. पैसे वसूल, असं म्हटलं असतं. पण पैसे दिलेतच कुठे?

उत्साहाच्या भरात मी पीडीएफ उघडणारं प्रिव्ह्यूही यादीत टाकलं, आणि तिथे फसले. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे वर्ड. मॅकवर मागची विंडो क्लिक न करताही दोन बोटांनी सरकवता येते, त्यामुळे मी पीडीएफ वाचत होते, सरकवत होते, पण क्लिक एकदाही नाही. क्विटरच्या हिशेबी ते अ‍ॅप रिकामं बसलेलं. कलम १४ च्या मधोमध, वाक्य अर्धं टाइप झालेलं असताना, डावी बाजू एकदम मोकळी! पहिल्यांदा वाटलं, फाईलच गेली. चूक माझी, तेव्हापासून कामाची अ‍ॅप यादीबाहेर.

मधे दोन आठवडे मॅकचं स्वतःचं स्टेज मॅनेजरही वापरलं, २०२२ च्या व्हेंचुरा या मॅकओएस आवृत्तीपासून आलेलं. ते विंडो डावीकडच्या पट्टीत छोट्या करून ठेवतं. मोठ्या मॉनिटरवर छान असेल. माझ्या पडद्यावर मात्र व्हॉट्सअ‍ॅप तिथूनही डोकावतच होतं.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. क्विटरला अ‍ॅप कळतं, त्यातली वेगवेगळी विंडो कळत नाही. वर्डमध्ये उघडलेल्या सात फायलींपैकी पाच मी अजूनही संध्याकाळी हातानेच बंद करते, आणि त्यातली एखादी दुसऱ्या दिवशी सकाळी शोधत बसते.