अनुदान + समुपदेशन एकत्र देणारी महिलांसाठीची सर्व्हिस : चार स्टार, पाचवा का नाही ते वाचा

गावातल्या बायकांना धंद्यासाठी अनुदान आणि जोडीला समुपदेशन अशी सर्व्हिस एक संस्था देते, आमच्या गटातल्या बायकांनी घेतली म्हणून लिहितेय.

सगळ्यात आवडलं ते हे की पैसे हातात पडायच्या आधीच सेशन्स सुरू झाली. पद्धत डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस'ची, म्हणजे ताण आणि अडचणी हाताळायला शिकवणारी, आठवड्याला एक अशी पाच सेशन्स, आणि घेणारी डॉक्टर नाही तर ट्रेनिंग घेतलेली साधी बाई, त्यामुळे कोणाला दडपण आलं नाही. श्वासाच्या व्यायामाला आधी सगळ्या हसत होत्या पण अडचणींची यादी करायला लावली ना, तिथे खरं काम झालं. ज्यावर काही करता येईल ते एकीकडे, हातात नाही ते दुसरीकडे, किरकोळ ते तिसरीकडे. एकीने नवऱ्याचं कर्ज सरळ 'हातात नाही'मध्ये टाकलं, मग बोलता बोलता तिलाच सुचलं की व्याज किती नि हप्ता कधी हे विचारणं तरी हातात आहे, आणि तेवढं तिने पहिल्या रकान्यात आणलं. अनुदान आलं तेव्हा किती बाजूला ठेवायचे हे तिला पक्कं माहीत होतं!

आता पाचवा स्टार. घरच्यांना कोणी बोलावलंच नाही. बाई सेशनमधून धीर घेऊन येते आणि दारातच "काय शिकवतात गं तिकडे" सुरू, मग टिकणार कसं? आफ्रिकेतल्या नायजर देशात झालेला मोठा अभ्यास २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलाय, तिथे बायकांना लाइफ स्किल्सचं ट्रेनिंग तर दिलंच पण गावात फिल्म दाखवून घरच्यांसोबत, गावकऱ्यांसोबत चर्चाही घेतली. नियमित रोख मदत आणि बचत गट होतेच, तरी त्यावर नुसती मोठी रक्कम देण्यापेक्षा हा मानसिक-सामाजिक भाग खर्चाच्या मानाने जास्त फायद्याचा ठरला. उलट केनियात याच पाच आठवड्यांच्या पद्धतीची नुसती थेरपी, पैशांशिवाय, दिली तर वर्षभराने फरक दिसला नाही, रोख पैशांचा मात्र दिसला. म्हणून मला ठाम वाटतं की फक्त बाईच्या मनावर काम करून भागत नाही, घर आणि शेजारपण सोबत घ्यायला हवं.

बाकी पैसे थेट बाईच्याच खात्यात येतात, हे एक नंबर. तुमच्याकडे सुरू होत असेल तर जरूर घ्या, फक्त सासू-सुनेला एकाच बॅचमध्ये बसवू नका आणि नवऱ्यांसाठी एक तरी बैठक आधीच मागून घ्या.