आर१५चा मागचा टायर: मऊ घ्यावा की कडक? सोलापूरपुरता हिशेब

यामाहा आर१५ या मोटारसायकलच्या व्ही३ किंवा व्ही४ मॉडेलचा मागचा टायर गोटा होत आला की दुकानात तीन वस्तू समोर येतात. गाडीसोबत आला त्याच जातीचा कडक रबराचा रेडियल, दुकानदार कौतुकाने आतून काढून आणतो तो ‘सॉफ्ट कंपाऊंड’ म्हणजे मऊ रबराचा रेडियल, आणि खिशाला हलका बायस. माप तिन्हींचं १४०/७० (रुंदी १४० मिलिमीटर, उंची तिच्या सत्तर टक्के), रिम सतरा इंची. माझ्या गाडीला पहिले दोन्ही लावून झालेत आणि माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही. पण वापर वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघेल, हे धरूनच वाचा.

बायसचं आधी आटोपतो. टायरच्या अंगावर १४०/७०च्या पुढे ‘आर१७’ लिहिलं असेल तर तो रेडियल, नुसती आडवी रेघ असेल तर बायस. यामाहाने मागे रेडियल आणि पुढे १००/८०-१७चा बायस दिलाय. ही जोडी चालते. उलटी, म्हणजे पुढे रेडियल आणि मागे बायस, करू नका. बायसच्या आतले धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके बसलेले असतात, रेडियलमध्ये धागे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे जातात. चाक फिरताना बायसचे थर एकमेकांना घासतात, टायर जास्त तापतो आणि वेगात मधून किंचित फुगतोही. सात रस्ता ते अक्कलकोट रोड एमआयडीसी एवढीच रोजची फेरी असेल तर काही बिघडत नाही. पण मे महिन्यात, मागे माणूस बसवून, दुपारी पुण्याचे अडीचशे किलोमीटर कापायचे असतील तर हा पर्याय मला पटत नाही.

उरले दोन रेडियल. मऊ टायरचं कौतुक खोटं नाही. ओल्या रस्त्यावर तो लवकर थांबवतो, गाडी झोपवताना भरवसा देतो आणि थंड असतानाही पकड धरतो. महिन्यातून दोनदा महाबळेश्वर किंवा ताम्हिणीला जाणाऱ्याने पुढचं सगळं सोडून मऊच घ्यावा.

सोलापुरात मात्र यातलं किती कामाला येतं? एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, रस्ता त्याहून कितीतरी तापलेला. अशा वेळी कडक टायरही पहिल्या दोन किलोमीटरांत गरम होऊन रस्ता धरतो. मऊ टायर ‘लवकर तापतो’ या गुणाचे पैसे आपण इथे उगाच मोजतो, कारण तापवायचं काम ऊन फुकटात करतं. पावसाचं म्हणाल तर तो आपल्याकडे मोजकाच, आणि बराचसा सप्टेंबरात. त्यातली घसरण बहुतेक वेळा पाण्याने होतच नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली काळी माती, उसाच्या ट्रॉलीतून पडलेलं पाचट, टँकरमधून गळलेली मळी, यांच्यावर रबर कितीही मऊ असलं तरी हात टेकतं. काळी माती खाचांत बसली की खाचाच उरत नाहीत. तिथे उपयोगी पडतात रुंद, मोकळ्या खाचा, आणि त्या रोजच्या वापरासाठी बनवलेल्या कडक टायरला सहसा जास्त असतात.

एवढं असूनही मी मऊ टायरवर राहिलो असतो. मला हटवलं ते त्याच्या चौकोनी होण्याने.

सोलापुरातून कुठल्याही दिशेला निघा, पुणे, हैदराबाद, विजयपूर, रस्ता पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ. वळण म्हणून जे काही आहे ते तुळजापूरच्या घाटात, आणि तेही चहा थंड व्हायच्या आत संपतं. मागचा टायर तासन्‌तास उभाच चालतो आणि इंजिनाचा सगळा जोर मधल्या चार-पाच सेंटिमीटरवर पडतो. मधलं रबर झिजतं, बाजूचं नव्यासारखं राहतं आणि गोल टायर चपटा होत जातो. टायर कुठलाही असो, इथे हे होतंच. प्रश्न किती लवकर होतं एवढाच. माझ्या वापरात मऊ टायरला पाच-सहा हजार किलोमीटरमध्येच मध्ये सपाट पट्टा दिसायला लागला. कडक टायरने तेवढ्यासाठी बारा हजारांच्या पुढे वेळ घेतला. हे माझ्या हाताखालचे आकडे. वजन, वेग, हवा बदलली की तेही बदलतील.

चपटा टायर लगेच धोका देत नाही. तो वैताग देतो, तोही रोज. थोडं कलंडायचं म्हटलं की गाडी आधी अडते, सपाट पट्ट्याच्या कडेवर येऊन थबकते आणि कड ओलांडली की एकदम आत पडते. नवख्याला वाटतं, हँडलच्या बेअरिंगमध्ये खेळ आलाय; मग गॅरेजवाला ते आवळून देतो आणि गाडी आणखी जड होते. सिमेंटच्या रस्त्याच्या उभ्या सांध्यावरून लेन बदलताना मागचं चाक सांध्याबरोबर सरकू बघतं, तेही याच पट्ट्यामुळे. आणि खरी चीड येते ती खाचांत डोकावल्यावर. टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झिजेची हद्द दाखवणाऱ्या खुणेपर्यंत अजून बरंच रबर बाकी असतं. म्हणजे टायर नियमाने चालू, वळायला नकोसा, आणि टाकून द्यायला जीव होत नाही.

तपासायचं असेल तर गाडी स्टँडवर घ्या, स्टीलची पट्टी टायरवर आडवी धरा आणि मागून टॉर्च मारा. गोल टायरला पट्टी मध्ये जेमतेम टेकते आणि दोन्ही बाजूंनी उजेड दिसतो. तीन बोटांच्या रुंदीत उजेडच दिसला नाही, तर तो चौकोनी झाला समजा.

हा पट्टा लवकर आणण्यात हवेचाही मोठा हात असतो. पंक्चरवाल्याकडे ‘कडक भर’ म्हटलं की काटा चाळीस पीएसआयवर (हे हवेच्या दाबाचं माप) जातो. जास्त हवेने टायर मधून फुगतो, टेकणारा भाग आणखी अरुंद होतो आणि मधलं रबर जास्त घाईने जातं. गाडीवरच्या स्टिकरवर एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळे आकडे दिलेत, तेच पाळा. हवा सकाळी, गाडी न चालवता तपासा. तापमान दहा अंशांनी चढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. म्हणून दुपारी पंपावर काटा चार-पाचने जास्त दिसला तरी हवा सोडायची नाही. सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला मिळेल. खिशातला स्वतःचा गेज ठेवा, दोन पंपांचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत.

मग मऊ रबराचा मोह अजिबातच सोडायचा का? तो पुढच्या चाकावर भागवावा असं मला वाटतं. करकचून ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवायचं बहुतेक काम पुढचा टायर करतो. त्याच्यावर इंजिनाचा जोर नसतो, त्यामुळे तो मऊ असला तरी झिजतो सावकाश. १००/८०-१७मध्ये मिशेलिनच्या पायलट स्ट्रीटसारखे चांगले बायस मिळतात. पुढे असा थोडा मऊ, मागे कडक रेडियल, ही माझी सध्याची जोडी. दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर लावल्याने आभाळ कोसळत नाही. पुढचा गोल आणि मागचा चपटा झाला की मात्र गाडी वळणात दोन मनांची होते. मागचा जास्त दिवस गोल राहावा, हा हट्ट त्यासाठीही.

काट्यांचं थोडक्यात. वेड्या बाभळीचा काटा दोन्ही टायरांत घुसतो. झिजून पातळ झालेल्या मऊ टायरमध्ये अंमळ सहज. काटा बारीक असल्याने हवा एका रात्रीत पाच-सहा पीएसआयच उतरते आणि दोष व्हॉल्व्हवर जातो. टायरवर साबणाचं पाणी फिरवलं की बुडबुडा जागा दाखवतो. पंक्चरची पट्टी मधल्या भागातच मारून घ्या. कडेच्या भिंतीला पंक्चर असेल तर दुरुस्ती नको, टायर बदला.

आणि कुणी १५०/६० सुचवलं तर नको म्हणा. तो रुंद दिसतो खरा, पण १४०/७०पेक्षा त्याचा व्यास सोळा मिलिमीटरने कमी भरतो. मागची बाजू आठ मिलिमीटर खाली बसते, गाडी वळायला आळशी होते, आणि अरुंद रिमवर ओढून बसवल्याने टायरचा आकारही बिघडतो. केटीएमच्या आरसी २००ला मुळातच ११०/७० आणि १५०/६० येतात. ती गाडी असणाऱ्यांनी वरची मापं उचलू नयेत, चपट्या पट्ट्याचं तेवढं घ्यावं.

बसवताना चार गोष्टी दुकानात उभं राहून बघा. टायरवरच्या लांबट चौकटीतले चार आकडे: २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, रबर आधीच वाळलेलं असतं. ‘६६एच’ किंवा ‘६६एस’ लिहिलेलं असावं. ६६ म्हणजे टायर तीनशे किलोपर्यंत वजन पेलतो, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग, एच म्हणजे २१०. आर१५ला एसही पुरतो. फिरण्याच्या दिशेचा बाण चाक गाडीला लावल्यावर पुन्हा एकदा बघा, कारण घाईत चाक उलटं लागतं. व्हॉल्व्ह नवाच टाकायला सांगा आणि बॅलन्सिंग करून घ्या. यंत्र नसेल तर निदान टायरवरचा रंगीत ठिपका व्हॉल्व्हसमोर आणायला लावा.

नव्या टायरची वरची कातडी गुळगुळीत असते. पहिले दीडशे किलोमीटर गाडी झोपवू नका, ब्रेक सांभाळून मारा आणि कलणं थोडं थोडं वाढवत न्या. होटगी रोडने दोन-चार फेऱ्या होऊ द्या, तुळजापूरचा घाट पुढच्या रविवारी.